धवळीचा चीक

एका राज्यात सोनवंती नावाची राणी होती. तिला पुत्र होता, पण त्याला कुशीत घेण्याचं सुख नव्हतं. चार वर्षांचा जयकेतू तापानं सदा फणफणलेला, आणि राणीनं हात लावला की ताप आणखी भडके. म्हणून ती उंबऱ्याशी बसून त्याचा श्वास ऐके आणि रिकाम्या हातांनी पदर चुरगळे.

दोष तिचाच होता. जयकेतू पोटात असताना तिला खरवसाचे डोहाळे लागले. डोहाळे अपुरे ठेवू नयेत म्हणतात! राजानं दवंडी पिटवली, आणि व्यालेल्या प्रत्येक गाईचा पहिला चीक मुदपाकखान्यात येऊ लागला. राणी खरवस खाई, अन् चिकावाचून वासरं रोगांना बळी पडत. धवळी गाईचं वासरू मेलं, तेव्हा तिला वाचा फुटली. "राणी, माझं लेकरू माझ्या कासेला मुकलं. तुझं तुझ्या कुशीला मुकेल." एवढं बोलून ती डोंगरात निघून गेली.

वैद्य थकले, नवस थकले. एके सकाळी साळुंकी खिडकीत येऊन म्हणाली, "धवळी पुन्हा व्याली आहे. तिचा चीक पाजलास तर ताप उतरेल. चुलीवर मात्र चढवू नकोस."

राणी एकटीच डोंगर चढली. तिथे दुर्धर नावाचा मांत्रिक गाईची राखण करी. चिकासाठी त्यानं तीन कामं सांगितली.

पहिलं, तलवारीच्या पात्यांचं गवत कापणं. राणीनं ते नुसत्या हातांनी कापलं.

दुसरं, नागाच्या तळ्यातलं पाणी आणणं. नाग म्हणाला, "मोल म्हणून तुझी झोप दे."

"ती कधीच गेली, महाराज. सापडली तर घ्या."

नाग ओशाळला आणि बाजूला झाला.

तिसरं, वाटीभर चीक काढणं. राणी धारेला बसली, पण धवळीनं पान्हा चोरला. खुंट्याला बांधलेलं वासरू लटपटत्या पायांनी आईकडे ओढ घेत होतं.

"त्याला सोडलंस तर तुला थेंबही उरणार नाही," दुर्धर म्हणाला.

राणीच्या डोळ्यांपुढे जयकेतू आला. तिचा जीव तुटला. पण ती ओढ तिच्याइतकी कुणाला ठाऊक होती? तिनं दावं सोडलं. वासरू ढुशा देत प्यालं, धवळी त्याला चाटत राहिली, आणि राणी हेव्यानं, मायेनं रडत पाहत राहिली. कास रिकामी झाली. राणी रिकामी वाटी घेऊन उठली.

"बस, सोनवंती," धवळी म्हणाली. "माझं लेकरू धालं. आता तुझ्यासाठी."

पुन्हा पान्हा फुटला. वाटी काठोकाठ भरली.

राणी वाड्यात परतली, आणि दासीनं जयकेतूला चीक कच्चाच पाजला. संध्याकाळी जयकेतूला घाम फुटला, ताप उतरला. राणी उंबऱ्यावरच उभी होती. आत पाऊल टाकायचा तिला धीर होईना.

"आईसाहेब," तो म्हणाला, "थंडी वाजते. जवळ घ्या ना."

तिनं घेतलं. अंग गार होतं, आणि तिच्या कुशीतही पुन्हा ताप चढला नाही.

दुसऱ्या दिवशी दवंडी फिरली: पहिला चीक वासराचा, उरेल तो माणसांचा. त्या मायलेकरांची जशी भेट झाली, तशी ताटातूट झालेल्या सगळ्यांची होवो.