दव असेपर्यंत एक धोंडा

फार मागची गोष्ट आहे, बाळांनो. डोंगराच्या कुशीत एक रान होतं आणि त्या रानात एक म्हातारं कासव राहायचं. तळ्यावर जायला तिथं वाट एकच, दोन कड्यांमधली अरुंद खिंड. तेव्हा रानात जनावरं थोडी होती. कासव आणि त्याच्या सोबतीचं साळिंदर, दोघं दव असतानाच पाण्याला निघायची. वाटेत कुणी भेटलं तर थांबायचं, "बरं आहे ना?" असं विचारायचं, मग पुढं व्हायचं. धक्का नाही की घाई नाही. त्या सकाळी कासवाच्या मनातून कधी गेल्याच नाहीत.

पुढं साळिंदर वारलं. रान मात्र वाढत गेलं. गवे आले, अस्वलं आली, मोर आले, आणि सगळ्यांचा हट्ट एकच, की पाणी प्यायचं ते उजाडतानाच. का, ते कुणी सांगू शकत नव्हतं. आजा तेव्हा प्यायचा म्हणून बाप प्यायला, बाप प्यायला म्हणून लेक. मग काय, जाणारे आणि येणारे खिंडीत समोरासमोर अडायचे. कुणाचं शिंग कुणाच्या कुशीत, कुणाची शेपटी कुणाच्या पायाखाली.

कोल्हा म्हणाला, "यात काय अवघड आहे? खिंड रुंद करा!" रानडुकरांनी सुळ्यांनी कडे उकरले. आठ दिवस वाट अगदी मोकळी झाली. ती मोकळी झाल्याचं ऐकून पलीकडच्या डोंगरावरचे कळपही तिथूनच पाण्याला येऊ लागले. नवव्या दिवशी कोंडी पहिल्यासारखीच, फक्त आधीपेक्षा रुंद.

त्या गर्दीत एक हरिणी असायची. तिचं चार दिवसांचं पाडस तळ्याकाठच्या गवतात लपवलेलं होतं. डोंगरावर चरून ती उजाडताना त्याला पाजायला परतायची. एके दिवशी ती बरोबर कासवाच्या मागे अडकली. पलीकडून पाडसाची हाक आली. पुन्हा आली. मग येईनाशी झाली.

"सरका हो, कुणीतरी सरका!" हरिणी रडकुंडीला आली.

"कुठं सरकू? माझ्या डोक्यावर?" पुढचा गवा खेकसला. "माझ्यापुढं ते अस्वल बसलंय, त्याला सांग."

ऊन चढल्यावर ती पोचली. पाडस मान टाकून पडलं होतं. तिनं किती वेळ चाटलं, तेव्हा कुठं त्यानं डोळा उघडला. "आजोबा," ती कासवाला म्हणाली, "आणखी एक अशी सकाळ त्याला सोसायची नाही."

कासवाला राहवेना. मुंग्यांची रांग कधी अडत नाही, हे त्यानं जन्मभर पाहिलं होतं. ते मुंगीकडं गेलं. "मुंगीबाई, या गर्दीनं त्या पोराचा जीव जाईल. काहीतरी सांग."

"गर्दी, गर्दी म्हणता. तुम्ही कोण मग, आजोबा?" मुंगी म्हणाली. "तुमच्या मागचा तुम्हालाच गर्दी म्हणतो की!"

मग मुंगीनं रानाला बोलावून नेम घालून दिला. दव असेपर्यंत जो खिंडीत शिरेल, त्यानं तोंडात एक धोंडा धरून न्यायचा आणि तळ्याकाठच्या चिखलात टाकायचा, म्हणजे कुणाचा पाय रुतणार नाही. दव सुकलं की वाट सगळ्यांना मोकळी.

"वा ग शहाणे!" कोल्हा ओरडला. "म्हणजे ज्याच्या जबड्यात जोर, त्याचीच सकाळ! गरिबानं काय करायचं?"

"धोंडा ज्याच्या त्याच्या तोंडाएवढा," मुंगी म्हणाली. "गव्यानं गव्याचा, उंदरानं उंदराचा. मी वाळूचा कण नेईन."

दुसऱ्या दिवशी खिंडीच्या तोंडाशी तांबड्या मुंग्या राखणीला बसल्या. अस्वलानं धोंडा हुंगला आणि म्हणालं, "मला कसली एवढी घाई? दुपारी येतो." मोर म्हणाला, "पाण्यात तोंडच तर बघायचं, ते उन्हात जास्त छान दिसतं." कोल्हा रिकाम्या तोंडानं घुसला आणि चार पावलांत केकाटत, शेपूट चाटत माघारी आला. तरी गर्दी बरीच उरली होती. तिच्यात कासव होतं आणि त्याच्या मागे, तोंडात लहानसा धोंडा धरून, हरिणी होती.

कासवानं धोंडा उचलला. जड होता. जबडा दुखला, तेव्हा त्याला पहिल्यांदाच वाटलं, आपण या वेळेला येतो कशाला? तहान तर नव्हती. साळिंदर या वेळेला यायचं, म्हणून आपण येतो. पण एवढ्या रेटारेटीत ते आपल्याला आठवणीत तरी भेटलं कधी? ती सकाळ आता या सकाळीत नाही.

त्यानं धोंडा खाली ठेवला आणि ते कड्याला टेकून बाजूला झालं. "जा बाई, पुढं हो."

समोरून येताना त्याच्यामुळं अडलेले दोन गवेही हलले. वाट झाली. हरिणीनं धोंडा घट्ट धरला आणि बघता बघता ती खिंडीपार गेली.

दव सुकल्यावर कासव सावकाश निघालं. तळ्याकाठी पाडस आईच्या पोटाशी झोपलं होतं, ओठांवर दुधाचा फेस होता.

"उशीर झाला ना, आजोबा, तुम्हाला?" हरिणी हळूच म्हणाली.

"झाला खरा," कासव म्हणालं. "पण मला उशीर चालतो, बाई. याला चालला नसता."

तात्पर्य : सगळ्यांची वाट कधीच फुकट नसते, तिचं मोल आपण दिलं नाही, तर आपल्या मागे अडकलेल्याला ते द्यावं लागतं.