हैबतीनं सुधारलेली नक्कल

एका गावात एक भोळा हैबती होता. भोळा म्हणजे किती? आईनं दुधाकडे बघायला सांगितलं, तर ते उतू जाईपर्यंत बघायचा आणि वर सांगायचा, "बघितलं!" आणि या गड्याला चितारी व्हायचं होतं. आता बोला!

तो नरसूअण्णा चिताऱ्याकडे शिकायला राहिला. अण्णा तेव्हा इनामदारांची तसबीर रंगवत होते. ती पसंत पडली तर नव्या देवळाच्या सगळ्या भिंती अण्णांनी रंगवायच्या. नाही पडली तर काम परगावच्या चिताऱ्याला, आणि अण्णांच्या घरची चूल थंड.

"हे बघ हैबती," अण्णा म्हणाले, "हात बसेपर्यंत जुन्या चिताऱ्यांच्या चित्रांची नक्कल करायची. दिसेल तसंच काढायचं."

पहिलं चित्र आंब्याचं. हैबती दिवसभर खपला. अण्णा बघतात तो आंब्यावर ही एवढी माशी!

"ही कुठनं आली?"

"बसली होती, अण्णा."

"अरे शहाण्या, बसलेलं आधी हाकलायचं, मग काढायचं!"

"बरं, अण्णा."

दुसरं चित्र फांदीवर बसलेल्या पोपटाचं. हैबतीनं नुसती फांदी काढली.

"पोपट कुठाय?"

"हाकलला. तुमचा लई चिवट, हलेचना. माझा गेला."

अण्णांनी कपाळावर हात मारला. "दोन्ही चित्रं शेजारी ठेवायची. फरक दिसला की पुसून सारखी करायची. कळलं?"

"कळलं, अण्णा."

तिसरं चित्र हत्तीचं. अण्णांच्या गुरूंच्या हातचं, अण्णांनी जिवापाड जपलेलं. हैबतीच्या हत्तीची सोंड आखूड झाली, पाय झाले पाच. त्यानं दोन्ही चित्रं शेजारी ठेवली. ओलं फडकं घेतलं. गुरूंच्या हत्तीची सोंड पुसून आखूड केली, वर एक पाय जोडून दिला. झाली सारखी!

अण्णा रडायचेच बाकी राहिले. "गाढवा! आधी असतं ते मूळ, त्याला हात लावायचा नाही. मागून येते ती नक्कल. सुधारायची ती नक्कल!"

"आधीचं ते मूळ, मागची ती नक्कल," हैबतीनं घोकून ठेवलं.

तसबीर तयार झाली. इनामदारांना खूश करायला अण्णांनी हात सैल सोडला होता. इनामदारांना टक्कल, तसबिरीत कुरळे केस. इनामदारांचं नाक वांग्याएवढं, तसबिरीत चाफेकळी.

दुपारी इनामदार आले. "वा! हुबेहूब!" म्हणाले आणि तसबिरीशेजारी खुर्चीत बसले. अण्णा आनंदानं विडे आणायला धावले. तेवढ्यात इनामदारांना डुलकी लागली.

हैबतीनं तसबीर बघितली. इनामदार बघितले. तसबीर सकाळपासून इथं, हे आत्ता आले. त्यानं कुंचला उचलला.

अण्णा विडे घेऊन परतले, तर इनामदारांच्या टकलावर काळेभोर कुरळे केस चमकत होते. हैबतीनं एका हातानं त्यांचं नाक धरलं होतं आणि दुसऱ्या हातात कानस होती.

"अरे ए! सोड!" इनामदार खडबडून उठले. "नरस्या! देवळाचं काम गेलं खड्ड्यात! दोघांना गावाबाहेर काढतो!"

अण्णांच्या हातातले विडे खाली पडले.

हैबती मात्र तसबिरीकडे बघत होता. "अण्णा, मूळ बघा कसं गप्प आहे, आणि नक्कल ओरडतेय," तो म्हणाला. "तोंडपण सुधारू का?"