एकशे चाळीस गोफ

"पण आक्का, वाख तीन दिवस भिजवला काय आणि बारा दिवस भिजवला काय, गोफ दिसायला सारखाच ना?"

असं म्हणत शर्वरीने टोपली पुढे सरकवली.

आक्का डोंगराखालच्या मठात राहत. केकताडाची पानं पाण्यात कुजवायची, त्यांचा वाख, म्हणजे आतले तंतू, काढायचा आणि दोर वळायचे, हे त्यांचं पन्नास वर्षांचं काम. आसपासच्या गावांतल्या बैलांची दावी त्यांच्याच हातची असत. शर्वरी वळायला शिकली तीही त्यांच्याकडेच.

यंदा गावात पहिल्यांदाच कलामेळा भरणार होता. मूर्ती घडवणारे, ढोलकी वाजवणारे, भिंती रंगवणाऱ्या बाया, सगळे एका मांडवात. मांडवाच्या खर्चासाठी शर्वरीने फोनवरून लोकांना हाक घातली होती. जमेल तेवढं द्या. देणाऱ्या प्रत्येकाला मेळ्यात मनगटावर बांधायला हातचा गोफ मिळेल. प्लास्टिक नाही, रसायन नाही. मातीत पडला तर माती होईल.

एकशे चाळीस जणांनी दिलं होतं.

टोपलीत एकशे चाळीस गोफ होते, शर्वरीने गावातल्या बायांकडून वळून घेतलेले. हळदीत रंगवलेले, पळसाच्या फुलांत रंगवलेले. प्रत्येकाला सरकगाठ आणि नावाची चिठ्ठी.

"छान झालेत," आक्का म्हणाल्या.

शर्वरीचा चेहरा फुलला.

"तू घालून बघितलास?"

"मी? हे लोकांचे आहेत, आक्का. मी कशाला घालू?"

"आपली रीत काय आहे?"

शर्वरी हसली. "दोर बाहेर द्यायच्या आधी दिवसभर आपल्या हाताला गुंडाळायचा. अहो, ती बैलाच्या दाव्याची रीत. बैलाला बोलता येत नाही म्हणून. माणसं बोलतात की!"

"बोलतात?"

"बोलतात म्हणजे काय... आणि मी एकटी एकशे चाळीस गोफ कधी घालू? रविवारी मेळा आहे!"

आक्कांनी टोपली आपल्याकडे ओढून घेतली.

"संध्याकाळी ये."

...

शर्वरी आली तेव्हा उन्हं उतरली होती. आक्का ओसरीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. टोपली रिकामी होती.

त्यांच्या दोन्ही हातांवर, मनगटापासून पार दंडापर्यंत, गोफच गोफ होते. पिवळे, केशरी, पिवळे. मध्ये बोटभर कातडी दिसत नव्हती. मावळतीचा उजेड त्यांच्यावर पडला होता, आणि शर्वरीला क्षणभर वाटलं, गाभाऱ्यात देवीलाच कुणी फुलांनी मढवून बसवलंय.

ती पायरीवरच थांबली. चप्पल काढायचंही सुचलं नाही.

"ये की. अशी लांब का?"

"सगळे...?"

"सगळे. एकेक चिठ्ठी वाचली, एकेक चढवला. हा कुणा मंदाकिनी ढेकळेचा. हा बाबूलाल शिकलगार. ही वत्सला आहे नं, तिनं नुसतं नाव लिहिलंय, आडनाव नाही." आक्का हसल्या. "एवढी माणसं मला बसल्या जागी कधी भेटली असती गं?"

मग त्यांनी एक गोफ सैल करून वर सरकवला.

खालची कातडी लाल होती. पुरळ उठलं होतं. एकाच्या खाली नाही, सगळ्यांच्या.

शर्वरी वर येऊन त्यांच्याजवळ बसली. कमी भिजलेल्या, कच्च्या वाखात चीक राहतो, आणि घाम आला की तो कातडीला चावतो. आक्कांनी तिला हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. वळणाऱ्या बायांचे हात राठ, त्यांना काही जाणवलं नव्हतं. तिने स्वतः तर एकही घातला नव्हता.

"कधीपासून खाजतंय?"

"दुपारपासून."

"मग काढले का नाहीत?"

"दिवस कुठं संपला होता?"

शर्वरी त्यांच्यापुढे सरकली. एकेक सरकगाठ सोडवू लागली. एकशे चाळीसदा गाठ सुटली, एकशे चाळीसदा खालची लाल कातडी दिसली. एकदाही आक्कांनी हात मागे घेतला नाही. शर्वरीला रडू येत होतं, पण त्या हातांसमोर रडायचीही तिला लाज वाटली.

शेवटचा गोफ सुटला. तिने सगळे उचलले, विहिरीमागच्या, वाख भिजवायच्या दगडी डोणीत नेऊन पाण्यात सोडले आणि वर दगड ठेवला.

परत येऊन तिने विचारलं,

"अजून नऊ दिवस लागतील ना?"

"लागतील."

"मेळा चार दिवसांवर आलाय."

"हं."

"मी शब्द दिलाय, आक्का. माझ्या एकटीच्या शब्दावर दिलंय हो लोकांनी, न बघता. आता खरं सांगेन त्यांना, माझ्या घाईनं बिघडलं म्हणून. हसले तर हसू देत. पण रविवारी लांबलांबून येतील ते. माझ्यासमोर हात पुढं करतील. एकशे चाळीस हात... आणि माझ्याकडं त्यांना द्यायला काहीच नसेल. काय करू मी?"

आक्का आपल्या दंडाला खोबरेल लावत होत्या. त्या थांबल्या. तेलाची वाटी खाली ठेवली.

"हात पुढं करतील ना?"

"हो."

"मग धर."