बरणीतला शेंडा

“एकदाच फवारलं तर चालेल का, आक्का? फक्त एकदा. पुन्हा म्हणून हात लावणार नाही.”

आक्का ओसरीवर लसूण सोलत बसल्या होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, “काय फवारणार?”

“औषध.”

“आजारी कोण हाय?”

जयसिंगराव निकमांनी पिशवी जवळ ओढली. तसा हा माणूस परवानगी मागणाऱ्यातला नाही. सगळी नोकरी नगरपालिकेत आरोग्य निरीक्षक म्हणून झालेली. डास, ढेकूण, झुरळं, कशाच्याही मागे एकदा लागले की हात धुऊन लागायचे. कुठं काही वळवळताना दिसलं की साहेबांचा हात आपोआप पुढं जायचा. साहेब निवृत्त झाले, हात काही निवृत्त झाला नाही.

गेल्या वर्षी त्यांची बायको शालन मोठ्या दुखण्यातून उठली. उठली म्हणजे डॉक्टरांच्या लेखी. घरात मात्र भिंतीकडं तोंड करून पडून असायची. ताट समोर आलं की डोळे मिटून घ्यायची. निकमांनी सगळे उपाय करून पाहिले आणि शेवटी टेकडीखालच्या या मठात येऊन आक्कांचे पाय धरले. शालनच्या माहेरी आक्कांना फार मानत.

आक्का तेव्हा एवढंच म्हणाल्या होत्या, “घरातच कायतरी लाव. तिच्या हातनं लाव. आणि इख घालू नगंस.”

झालं. गच्चीवर जुने टब गेले, फुटक्या बादल्या गेल्या. स्वयंपाकघरातली सालं, देठं कुजवून मातीत मिसळली. मेथी पेरली, चवळी लावली. मेथीनं माती वर उचलली त्या सकाळी शालन भिंतीला धरून जिना चढली. मग रोजच चढायला लागली. चवळीच्या पहिल्या शेंगांची भाजी झाली, आणि तिनं आपण होऊन आणखी अर्धी भाकरी मागितली. निकम मोरीत जाऊन, नळ सोडून रडले. हे त्यांनी कुणाला सांगितलेलं नाही, पण आपल्यात सांगायला हरकत नाही.

आणि आता त्याच चवळीवर मावा पडला होता.

“शेंडे काळे पडलेत, आक्का. किड्यांनी नुसते लडबडलेत. फुलं गळतायत. वेल गेला तर शालन पुन्हा अंथरूण धरेल. मला तिचा स्वभाव ठाऊक आहे.”

“मग मार की औषध. मला कशाला इचारतोस?”

“ती ऐकत नाही. म्हणते, विष मारलंत तर मी गच्चीवर पाऊल ठेवणार नाही. तुम्ही हो म्हणालात तर ऐकेल.”

“अजून काय काय केलंस?” आक्कांनी विचारलं.

इथं निकमांची कळी खुलली. “किडे वेचतो. सकाळ-संध्याकाळ. मावा बारीक असतो, तो काही हाताला येत नाही. पण त्याच्यातच एक मोठी जात आहे. काळी, काटेरी, पाठीवर नारिंगी डाग. बघवत नाही इतकी कुरूप. सगळ्याचं मूळ तीच. दिसली की चिरडतो. एकीला सोडत नाही.”

“शालन काय म्हणती?”

“ती म्हणते, त्यांना राहू द्या. तिचं काय घेऊन बसलात आक्का, ती मुंगीसाठीसुद्धा हळहळते.”

निकमांनी पिशवीतून एक बरणी काढली. हा त्यांचा पुरावा. आदल्या दिवशी दुपारी चवळीचा सगळ्यात बरबटलेला शेंडा त्यांनी खुडून आत घातला होता आणि सोबत ती काटेरी जात, हाताला लागली तेवढी. तोंडाला फडकं घट्ट बांधून वरून वर्तमानपत्र गुंडाळलं होतं. नोकरीत असताना तक्रारदाराला असंच दाखवायचे. डोळ्यांनी बघितलं की माणूस वाद घालत नाही.

“तुम्ही बघाच एकदा.”

“ठेव तिथं. आधी जेव.”

मठात आलेला माणूस आधी जेवतो, हा तिथला रिवाजच. जेवण झालं, भांडी घासून झाली, आणि आक्का त्यांना परसात घेऊन गेल्या. कुडावर चवळीचा वेल चढला होता. निकम जवळ गेले आणि थबकले.

“आक्का, तुमच्याही वेलावर मावा आहे.”

“हाय की.”

“आणि तुम्ही काही करत नाही?”

“अजिबात दिसला न्हाई, तर जीव घाबरा हुतो माझा.”

म्हातारपण, दुसरं काय… निकमांच्या मनात आलं. त्यांना वाईटही वाटलं. एवढ्या लांबून आपण कुणाची परवानगी मागायला आलो, असं झालं त्यांना.

“आण तुझी बरणी,” आक्का म्हणाल्या.

निकमांनी बरणी आणली. वर्तमानपत्र सोडलं. बरणी आक्कांपुढं धरली, आणि त्यांची स्वतःचीच नजर आत गेली.

शेंडा हिरवा होता.

काल काजळी फासल्यासारखा काळा असलेला शेंडा, आता देठापासून टोकापर्यंत कोवळा हिरवा. बरणीच्या तळाशी बारीक पांढरी सालपटं तेवढी पडलेली.

निकमांनी आधी गाठ तपासली. गाठ त्यांचीच, जशीच्या तशी. काच उन्हात धरली. पुन्हा बघितलं.

शेंड्याच्या बेचक्यात मावा जरासा उरला होता. त्याच्याकडं त्या कुरूप काटेरी जातीतली एक निघाली होती. चालली, थांबली, तोंडानं चाचपलं. मग एक मावा पकडला, देठापासून अलगद वर उचलला आणि खायला लागली. सावकाश खाल्ला. सालपट टाकलं आणि पुढच्याकडं वळली.

गुडघे दुखतात म्हणून देवळातही खुर्ची मागणारा माणूस, तो तिथंच मातीत बसला.

“आक्का… हे मावा खातात.”

“मला काय ठावं? बरणी तू आणलीस.”

“मी रोज यांनाच…”

आक्कांनी फडकं सोडलं आणि बरणी वेलाच्या बुडाशी आडवी ठेवली. एकेक किडा काठावर आला, जरा वेळ इकडंतिकडं झाला आणि वेलावर चढला. कुणी वाट दाखवली नाही, कुणी हाकललं नाही. थोड्या वेळात सगळे माव्यात शिरले आणि कामाला लागले. वेलावर मावा नसता, तर त्यांना इथं खायला काही नव्हतं.

निकम बघत राहिले. असं त्यांनी जन्मात काही बघितलं नव्हतं. जन्मभर त्यांनी माणसं नेमून, पावत्या फाडून, धूर सोडून साफसफाई केली होती. आणि त्यांच्याच गच्चीवर, फुटक्या बादलीत, कुणी नेमलेलं नसताना, कुणी पगार देत नसताना हे चाललं होतं. छाती भरून आली त्यांची. भीती म्हणावी तर भीती, आनंद म्हणावा तर आनंद.

परतीची एक एसटी कधी येऊन गेली ते त्यांना कळलंही नाही.

“यांना म्हणतात काय, आक्का?”

“न्हाई ठावं.”

“तुझ्या घरात ह्यास्नी कुणी बघितलं हुतं का रं?” आक्कांनी विचारलं.

निकमांनी रिकामी बरणी उचलून फडक्यानं पुसली.

“शालननं,” ते म्हणाले. “तासन्‌तास वेलापाशी बसून असते. मला वाटायचं, दुखण्यानं आलेलं सुन्नपण आहे. ती बघत असायची.”

“तुला सांगितलं न्हाई?”

“सांगितलं. मी ऐकलं नाही.”

वारा नव्हता. वेलाचं एक पान तेवढं हललं, त्याच्याखालून एक नारिंगी ठिपका पुढं सरकला.

“थोडे तरी उरले असतील वर,” निकम म्हणाले. आवाज पार खाली गेला होता. “वेल अजून वाचेल, आक्का. पण मी काय करू? पाणी मारू, माती बदलू, इथले चार किडे घेऊन जाऊ? तुम्ही सांगाल ते करतो.”

आक्का हात झटकून उठल्या.

“घरी जा, आणि शालनकडं तिच्याशेजारी बसायला जागा माग. दिली, तर बस.”