उलटी बाग

एका राज्यात, जिथे चंद्राला विचारल्याशिवाय कुणी कोथिंबीरसुद्धा पेरत नसे, तिथे रणधवल नावाचा राजा होता. चंद्र वाढता असताना फुलंफळं लावायची, उतरता असताना कंदमुळं, आणि अमावस्येला धरणी निजते म्हणून मातीला हात लावायचा नाही, अशी तिथली रीत. पण राजा पडला उतावळा! राजकन्या कुमुदिनीचं स्वयंवर तोंडावर आलेलं आणि बाग उघडीबोडकी. त्याने भर अमावस्येला कुदळी चालवायला लावल्या.

"महाराज, आज नको," राणी चित्रांगी म्हणाली.

"चंद्र आमचा चाकर आहे!" राजा गरजला, आणि पहिलं बी त्याने लेकीच्याच हातून पेरून घेतलं.

सकाळी पाहतात तो काय, रातोरात उगवलेली बाग उलटी! मुळं आभाळाकडे, फुलं मातीत. आणि मधोमध कुमुदिनी, घोट्यापर्यंत जमिनीत रुतलेली. ओढावं तर ती किंचाळे आणि आणखीच खाली जाई.

आंब्याच्या मुळावर साळुंकी बसली होती. त्या राज्यातल्या साळुंक्या बोलत, ही बोलली, "राजा, निजलेल्या धरणीला तू टोचलंस. आता तीन कामं कर. चंद्र रोहिणी नक्षत्रात आला की एक बी पेर. हस्तात आला की त्याला ओंजळीने पाणी घाल. मूळ नक्षत्रात आला की लेकीला उकरून काढ. सारं स्वतःच्या हातांनी. क्षणभर जरी आधी उकरलंस, तर हाती नुसती मुळं लागतील."

राजाने जन्मात माती चिवडली नव्हती. रोहिणीत बी पेरलं तेव्हा त्याची नखं तुटली. हस्तात नदीवरून ओंजळ भरून आणताना पाणी सांडे, की बिचारा पुन्हा माघारी. पण रोप उगवलं, आणि अहो, सरळ उगवलं! कुमुदिनी मात्र तोवर कमरेपर्यंत खाली गेली होती.

मूळ नक्षत्र लागायच्या दिवशी माती तिच्या हनुवटीला टेकली.

"बाबा, आता तरी काढा ना! श्वास कोंडतोय."

"महाराज, बघत काय बसलात?" प्रधान ओरडला. राणीने राजाचा शेला धरून त्याला गदागदा हलवलं. साळुंकी आभाळाकडे टक लावून बसली होती. राजाने दोन्ही हात काखेत दाबून धरले आणि तो लहान पोरासारखा रडू लागला. लेकीचे ओठ मातीत गेले. डोळे गेले. शेवटी केसही गेले.

"लागलं मूळ!" साळुंकी ओरडली.

राजा मातीवर तुटून पडला. उकरतो तो मुळं, मुळं, नुसती मुळं! इतक्यात मातीतून कुणीतरी त्याची बोटं घट्ट धरली. त्याने सारा जीव लावून ओढलं. कुमुदिनी वर आली, केसभर मोगरा घेऊन. तिच्यामागोमाग अख्खी बाग धाडकन सरळ झाली.

तोंडातली माती थुंकत लेक म्हणाली, "किती उशीर केलात, बाबा!"

"नाही गं पोरी," राजाला हुंदका आवरेना. "जन्मात पहिल्यांदा वेळेवर आलो."

स्वयंवर पुढे वाढत्या चंद्रात झालं. राजाचं बी रुजलं तसं तुमचंही रुजो, आपापल्या वेळेला.