तळ्याचे पाणी आणि आचार्यांचा निवाडा

एकदा एका छोट्या गणराज्यातले लोक आपल्या कारभाराला अगदी विटून गेले. नियम करणारी सभा वेगळी, ते राबवणारे अधिकारी वेगळे, निवाडा करणारे न्यायाधीश वेगळे, आणि या सर्वांवर नजर ठेवणारा तपासनीस आणखी वेगळा. त्यांची रोजची हुज्जत ऐकून लोकांचे कान किटले होते. मी त्यांना दोष देत नाही. ऐकणाराही माणूसच असतो. शेवटी ते एका वृद्ध आचार्यांकडे गेले. म्हणाले, "या सगळ्यांना घरी बसवले आहे. आता तुम्हीच बघा."

उन्हाळा कडक होता. तळ्यात जेमतेम पिण्यापुरते पाणी उरले होते. आचार्यांनी नियम केला, की हे पाणी कोणी बागेला घालायचे नाही. तळ्यावर पहाराही त्यांनीच बसवला. आणि एके दिवशी भर दुपारी त्यांनी स्वतःच तळ्यातून घागरी भरून आपल्या आंब्यांना पाणी घातले. पहारेकऱ्यांनी नमस्कार करून वाट दिली. मग आचार्य न्यायासनावर बसले, स्वतःवरचा आरोप स्वतःच वाचला आणि स्वतःला निर्दोष ठरवले. लोक म्हणाले, "आचार्यांनी केले, म्हणजे त्यात काही हेतू असणार."

घरी परतताना सोबतच्या शिष्याला राहवेना. "गुरुजी, हे काय केलेत?"

"चोरी. तुला दिसली ना?"

"दिसली."

"मग बोलला का नाहीस?"

"आपल्यावर शंका घ्यायला मन धजेना. आणि सांगणार तरी कोणाला? सगळीकडे आपणच."

आचार्य वाटेतल्या दगडावर टेकले. फार थकले होते. "कोणीतरी माझा हात धरेल म्हणून मी दिवसभर वाट पाहिली रे. पहिली घागर तुम्हाला शिकवण्यासाठी घातली. शेवटची घालताना मात्र मला नुसते बरे वाटत होते. झाडे वाळताना मलाही बघवत नाहीत. त्या कारभाऱ्यांची हुज्जत कंटाळवाणी आहे, खरे आहे. पण ती चालते तोवर माझ्याविरुद्ध दाद मागता येते."

शिष्याने आचार्यांना हात देऊन उठवले आणि थेट तपासनीसाच्या घरी नेले.

"माझ्या गुरुजींविरुद्ध तक्रार आहे," तो म्हणाला.

तपासनीस जेवणावरून उठून आला होता. त्रासून म्हणाला, "माझा अधिकार तुम्ही लोकांनीच काढून घेतलात ना?"

"हो," शिष्य म्हणाला. "आधी तीच तक्रार लिहून घ्या."