पांढऱ्या भाताचे राज्य

फार पूर्वी शालवन नगरात सुतेज राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वांनी एका आचाऱ्याच्या घरी जन्म घेतला. त्यांचे नाव भद्रक. मोठेपणी ते राजवाड्याच्या स्वयंपाकघराचे प्रमुख झाले.

सुतेज राजा मनाने फार चांगला होता. एकदा परदेशी व्यापाऱ्याने त्याला पांढरा, सुवासिक तांदूळ भेट दिला. पहिला घास घेताच राजाला वाटले, असे अन्न मी एकट्याने का खावे? माझ्या राज्यातल्या गुराख्यालाही ते मिळाले पाहिजे. त्याने घरोघर बियाणे वाटले, तळी खोदली, पाट काढले आणि आज्ञा केली की यापुढे सगळ्या शेतांत हाच भात लावावा. ज्वारी, नाचणी, तूर, तीळ हे गरिबीचे खाणे, ते आता पुरे झाले. कुरणे नांगरून भाताचे वाफे केले गेले. सावली पडते म्हणून बांधावरची झाडे तोडली गेली. जो आज्ञा मोडी त्याची जमीन जाई. राजाने स्वतःही नेम केला की प्रजेच्या ताटात असेल तेवढेच राजवाड्यात शिजेल.

तीन वर्षे कोठारे ओसंडून वाहिली. पुढे मात्र जमीन कुरकुरू लागली. वर्षभर पाण्याखाली राहून तिच्यावर खारा पांढरा थर येऊ लागला. कुरणे गेली तशी गुरे गेली, गुरे गेली तसे शेणखत गेले. लोंब्या आखूड झाल्या. माणसांची पोटे भरत होती, पण हिरड्यांतून रक्त येई. बायका चार पावले चढल्या की धापा टाकीत. दिवस कलला की मुलांना दिसेनासे होई. वैद्य म्हणाले, हवा बिघडली आहे.

एका संध्याकाळी राजाची सात वर्षांची मुलगी चारुमती भिंत चाचपत दालनात आली.

"बाबा, अजून दिवे का नाही लावले?"

तिच्यासमोर पाच समया जळत होत्या.

राजाने तिला उचलून घेतले. दुसऱ्या दिवशी त्याने दवंडी पिटवली की जो राजकन्येचे डोळे बरे करील त्याला पाच गावे दिली जातील.

त्या राज्यात एक रीत होती. सुगी झाली की प्रत्येक घराने आपल्या शेतातले मूठभर धान्य राजवाड्यात पाठवायचे. त्या सगळ्याचे एकाच हंड्यात नवान्न शिजे आणि पहिला घास राजा घेई. त्या वर्षी बोधिसत्त्व धान्य निवडत बसले असताना एका पुरचुंडीतून ज्वारी, तूर आणि तीळ निघाले. ती टेकडीवरच्या सोणा नावाच्या विधवेची होती. हे राजाच्या कानावर घालणे त्यांचे कामच होते. पण त्यांनी पुरचुंडी बाजूला ठेवली आणि ते टेकडी चढले.

"बाई, हे धान्य राजवाड्यात पाठवताना तुला भीती नाही वाटली?"

"वाटली की! पण नवान्नाला दुसऱ्याच्या शेतातलं कसं पाठवू?" सोणा म्हणाली. "माझ्या खडकावर पाणी चढत नाही, दादा. राजाची आज्ञा मी ऐकली, खडकानं नाही ऐकली."

तिच्या शेतात ज्वारीच्या धाटांमध्ये तुरीच्या ओळी होत्या, बांधावर शेवगा होता, खाली चाकवत आणि भोपळ्याचा वेल पसरला होता. बोधिसत्त्व अंधार पडेपर्यंत थांबले. सोणाच्या दोन्ही मुली पळत्या कोंबड्या पकडून डालग्याखाली घालत होत्या. एकीचाही पाय अडखळला नाही. बोधिसत्त्वांना काय ते समजले.

रोज तिथला पाला आणि भोपळा आणून ते राजकन्येला रांधून घालू लागले.

"हे तर गवत आहे!" चारुमती म्हणाली. "मी काय शेळी आहे?"

"शेळीला संध्याकाळी सगळं दिसतं, राजकन्ये."

तिने जरा विचार केला आणि ताट पुढे ओढले.

महिनाभरात तिला समयांच्या ज्योती मोजता येऊ लागल्या. राजाने बोधिसत्त्वांना मिठी मारली. "पाच गावे तुझी! औषध कोणते ते तेवढे सांग."

बोधिसत्त्वांच्या मनात आले, गप्प राहिलो तर गावे मिळतील, पण एवढ्या घरांतली मुले चाचपडत राहतील. बोललो तर माझ्याबरोबर त्या बाईची जमीनही जाईल. ते टेकडीवर गेले आणि त्यांनी सोणाला विचारले. तिने मुलींकडे पाहिले. मग म्हणाली, "माझ्याच मुलींना दिसावं, असं मी कधी मागितलं नाही. सांगा."

राजाने सगळे ऐकले आणि त्याचा चेहरा उतरला, मग लाल झाला. "माझ्या घरात राहून माझीच आज्ञा मोडलीस?"

"मोडली, महाराज. गावे नकोत, शिक्षा मला द्या. पण आधी तिची जमीन पाहा."

राजा गेला. वाटेत त्याने एका वाफ्यात काठी रोवून पाहिली. वरचा थर पापडासारखा तडकला, काठी आत जाईना. टेकडीवर सोणाने मूठभर माती उकरून त्याच्या तळहातावर ठेवली. तिच्यात गांडुळे वळवळत होती.

"महाराज, तुमच्या वाफ्यांत गांडूळसुद्धा उपाशी मेलं," ती म्हणाली. "मातीलाच चार चवी मिळाल्या नाहीत, तर ती आम्हांला कुठून देणार?"

राजा बांधावर बसला. "मी तर प्रेमाने दिले होते."

"प्रेमानेच दिलेत," बोधिसत्त्व म्हणाले, "म्हणून तर कोणाला नको म्हणता आले नाही."

राजाने तिथेच आज्ञा मागे घेतली. जमिनी पुन्हा सुधारायला सात पावसाळे लागले. ज्या मुलांच्या डोळ्यांत फूल पडले होते त्यांना मात्र पुन्हा दिसले नाही. राजा दर महिन्याला त्यांच्या घरी जाऊन जेवत असे. 

ही कथा सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "भिक्षूंनो, तो राजा म्हणजे विहाराला रोज खीर पाठवणारा हा गृहस्थ अमितक होय. राजकन्या म्हणजे त्याची कन्या विशाखिका. सोणा आजही सोणाच आहे, ती भिक्षुणी होऊन इथेच बसली आहे. आणि तो आचारी मी होतो. दुसऱ्याच्या ताटाकडे पाहताना त्या ताटाखालच्या मातीकडेही जिची नजर जाते, ती करुणा. त्या जन्मी मी तिचाच अभ्यास केला."